'अविभक्त' आणि 'अविभाज्य' : विमानाच्या तिकिटातील सोडलेल्या टप्प्याचा इतिहास

१

अनेक टप्प्यांच्या विमानप्रवासाचे एकच तिकीट घ्यावयाचे आणि त्यातील एखादा टप्पा, बहुधा शेवटचा, प्रवास न करताच सोडून द्यावयाचा, ही प्रथा आज जगातील बहुतेक देशांत परिचित झाली आहे. इंग्रजीत तिला 'हिडन सिटी', म्हणजे 'दडलेले शहर', असे नाव पडले आहे. या नावातच प्रथेचे वर्म आहे. प्रवाशास ज्या शहरी उतरावयाचे असते ते त्याच्या तिकिटावर केवळ विमान बदलण्याचे ठिकाण म्हणून नोंदलेले असते. आणि गंतव्य म्हणून जे शहर छापलेले असते तेथे जाण्याचा त्याचा मुळीच हेतू नसतो. असे करण्याचे कारण एकच : पुढल्या शहराचे तिकीट अलीकडल्या शहराच्या तिकिटापेक्षा स्वस्त असते.

विमान कंपन्या या वर्तनास करारभंग म्हणतात. प्रवाशाचे म्हणणे असे की, विकत घेतलेली वस्तू संपूर्ण वापरलीच पाहिजे असे बंधन कोणताही विक्रेता ग्राहकावर घालीत नाही. हा वाद वरकरणी प्रामाणिकपणाचा दिसतो. परंतु इतिहास पाहू जाता असे आढळते की, वाटेत उतरण्याची ही कृती एका काळी निरुपद्रवी होती, एका काळी ती प्रवाशाचा मान्य हक्क होती, आणि अलीकडे ती दोषास्पद ठरली. कृती तीच राहिली. बदलला तो भाडे आणि अंतर यांचा परस्परसंबंध. या बदलाचा मागोवा घेणे आणि त्यात दोन शब्दांच्या अर्थाची कशी सरमिसळ झाली हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

या प्रश्नाचा उगम विमानात नसून आगगाडीत आहे. भाडे अंतराच्या प्रमाणात असेल तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण भाड्यात अंतर वाढते तसा दर किलोमीटरचा आकार कमी होत जातो. तथापि एकूण भाडे मात्र अंतराबरोबर वाढतच जाते. दूरचे तिकीट काढून अलीकडे उतरणारा प्रवासी स्वतःचेच नुकसान करून घेतो, त्यामुळे त्यास अडविण्याचे कोणास कारण उरत नाही. उलट ५०० किलोमीटरांहून अधिक अंतराच्या तिकिटावर वाटेत मुक्काम करण्याची सवलत रेल्वेच्या नियमांनीच दिलेली आहे. महाराष्ट्रातील एस. टी.च्या भाडेआकारणीचे मोजमाप 'टप्पा' हेच असून तो ६ किलोमीटरांचा मानला जातो. चार टप्प्यांचे पैसे भरून तीन टप्प्यांवर उतरणाऱ्या उतारूस वाहक फार तर विसराळू समजेल. अपराधी समजणार नाही.

अमेरिकेतील रेल्वेची स्थिती निराळी होती. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक खाजगी रेल्वे कंपन्या परस्परांशी स्पर्धा करीत होत्या. दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान तीन-चार मार्ग असत, तेव्हा तेथील भाडे उतरे. वाटेतील लहान गावास मात्र एकच मार्ग असे, तेव्हा तेथील भाडे चढे राही. परिणामी जवळच्या गावाचे भाडे त्याच मार्गावरील दूरच्या शहराहून अधिक, असा विपरीत प्रकार घडू लागला. चतुर प्रवासी दूरच्या शहराचे तिकीट घेत, वाटेत उतरत आणि उरलेला भाग दलालास विकीत. या दलालांना 'स्कॅल्पर' म्हणत. शब्दशः अर्थ घ्यावयाचा तर 'डोक्याची कातडी सोलणारा'. आज हा शब्द खेळांच्या व नाटकांच्या तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्यास लावतात. परंतु त्याच्या या व्यापारी अर्थाचा आरंभ रेल्वेच्या अर्धवट वापरलेल्या तिकिटाशी निगडित आहे. रेल्वे कंपन्यांनी यावर उपाय म्हणून तिकिटावर प्रवाशाची सही घेणे, त्याच्या शरीराचे वर्णन नोंदविणे, असे नाना मार्ग योजिले.

१८८७ साली अमेरिकेत आंतरराज्य व्यापाराचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमाने त्याच मार्गावर, त्याच दिशेने, मोठ्या अंतरात समाविष्ट असलेल्या लहान अंतरास अधिक आकार घेण्यास मनाई केली. मात्र 'तत्त्वतः समान परिस्थितीत' अशा अर्थाचे शब्द त्यात होते, आणि त्या शब्दांनी कलमाचा घात केला. अलाबामा राज्यातील ट्रॉय या गावास पूर्वेकडून येणाऱ्या मालाचे भाडे, ट्रॉयवरूनच सुमारे ५० मैल पुढे माँटगोमेरीस जाणाऱ्या मालापेक्षा अधिक पडे. १८९७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, माँटगोमेरीस स्पर्धा आहे व ट्रॉयला ती नाही, म्हणून दोहोंची परिस्थिती समान नव्हे. १९१० साली ते शब्द कायद्यातून काढून टाकण्यात आले, तेव्हा कलमास पुन्हा जीव आला.

या प्रकरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रवासी वाटेत का उतरतो, हा प्रश्न दुय्यम आहे. लहान अंतराचे भाडे मोठ्या अंतराहून अधिक का, हा मूळ प्रश्न आहे. रेल्वेच्या बाबतीत अमेरिकन कायद्याने मूळ प्रश्नास हात घातला. विमानाच्या बाबतीत पुढे जो वाद झाला तो मुख्यतः दुय्यम प्रश्नावरच झाला.

३

विमानप्रवासाच्या कायद्याचा पाया १९२९ सालच्या वॉर्सा कराराने घातला. त्याच्या पहिल्याच कलमात अशी तरतूद आहे की, एकापाठोपाठ अनेक वाहक कंपन्यांनी करावयाची वाहतूक, उभय पक्षांनी ती एकच व्यवहार मानली असल्यास, एकच वाहतूक समजली जावी. कराराची अधिकृत भाषा फ्रेंच होती आणि तीत 'त्रांस्पोर युनिक', म्हणजे 'एकच वाहतूक', असे शब्द आहेत. इंग्रजी अनुवादात त्या ठिकाणी 'अनडिव्हायडेड' हे विशेषण आले. भारतात १९३४ च्या कायद्याने हा करार लागू झाला, तोही या इंग्रजी शब्दांसह. १९७२ च्या कायद्याने १९३४ च्या कायद्याची जागा घेतली. पुढे १९९९ चा माँट्रियल करार झाला व भारत २००९ साली त्यात सामील झाला. त्याही करारात हेच इंग्रजी विशेषण कायम आहे.

मराठीत या विशेषणास 'अविभक्त' हा नेमका प्रतिशब्द आहे. 'अविभाज्य' हा नव्हे. या दोन शब्दांतील भेद मराठी वाचकास सांगावयास नको. अविभक्त कुटुंब म्हणजे ज्याची वाटणी झालेली नाही असे कुटुंब. वाटणी होऊच शकत नाही असे नव्हे. 'अविभक्त' हा शब्द वस्तुस्थिती सांगतो, 'अविभाज्य' हा शब्द अशक्यता सांगतो. वॉर्सा करारातील तरतुदीचा हेतूही तेवढाच मर्यादित होता. मुंबईहून निघालेल्या प्रवाशाचा एखादा टप्पा एका देशाच्या हद्दीतच पार पडला, तरी तो आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग समजून वाहकाचे दायित्व ठरविले जावे, यासाठी ती रचना होती. प्रवाशाने प्रत्येक टप्पा पार पाडलाच पाहिजे असा अर्थ त्या शब्दांतून निघत नाही.

किंबहुना त्या काळच्या तिकिटाचे रूप नेमके उलट सांगत होते. तिकीट म्हणजे एक लहान पुस्तिका असे आणि तीत प्रत्येक टप्प्यासाठी एक स्वतंत्र 'कूपन' असे. 'कूपन' हा शब्द फ्रेंच 'कूपे', म्हणजे कापणे, या धातूपासून आला आहे. कूपन म्हणजे कापून काढलेला तुकडा. विमानतळावर त्या त्या टप्प्याचे कूपन फाडून घेतले जाई व उरलेली पुस्तिका प्रवाशाच्या हाती राही. करार एक व कूपने अनेक, अशी ही रचना होती. तीत 'अविभक्त' असण्याला बाधा नव्हती. परंतु 'अविभाज्य' असण्याचा दावा करणे कठीण होते.

१९४५ साली हवाना येथे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे 'आयाटा', स्थापन झाली. १९४७ साली रिओ दि जानेरो येथे भरलेल्या तिच्या परिषदेत भाडी, तिकिटे, सामान इत्यादींविषयी सुमारे ४०० ठराव संमत झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले, तो हाच काळ होय. आयाटाच्या चौकटीत पुढे मैलांवर आधारलेली भाडेपद्धती रूढ झाली. आरंभस्थान व गंतव्य यांच्या जोडीस कमाल मैल ठरवून दिलेले असत आणि त्या मर्यादेत पूर्ण भाड्याचा प्रवासी वाटेतील शहरी मुक्काम करीत जाऊ शके. मर्यादा ओलांडल्यास पाच पाच टक्क्यांच्या पायरीने, २५ टक्क्यांपर्यंत, अधिभार पडे.

या पद्धतीत आणखी एक नियम होता. वाटेत मुक्कामाच्या एखाद्या शहराचे भाडे अंतिम गंतव्याच्या भाड्याहून अधिक असेल, तर संपूर्ण प्रवासास ते अधिक भाडे लागू करावयाचे. हा नियम म्हणजे अमेरिकन रेल्वे कायद्यातील चौथ्या कलमाचेच उलटे रूप होय. तेथे लहान अंतराचे भाडे खाली आणले जाई, येथे मोठ्या अंतराचे वर नेले जाई. परंतु परिणाम एकच : वाटेत उतरण्यात लाभ उरत नसे. म्हणून या काळात वाटेत थांबणे हा गुन्हा न ठरता उलट पूर्ण भाड्याच्या तिकिटाचा एक गुण समजला जाई.

४

हे संतुलन १९७० नंतरच्या दशकात ढळले. अमेरिकेत तोवर अंतर्गत विमानभाडी नागरी विमान मंडळाच्या नियंत्रणाखाली होती आणि १९७० ते १९७४ या काळात चाललेल्या चौकशीनंतर मंडळाने अंतरावर आधारलेले भाड्याचे सूत्रच ठरवून दिले होते. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी नियंत्रणमुक्तीचा कायदा झाला व १९८४ अखेर ते मंडळच विसर्जित झाले. भाडे ठरविण्यास कंपन्या मोकळ्या झाल्या.

या मोकळिकीतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली, मध्यवर्ती विमानतळाची रचना. लहान शहरांतील प्रवासी एका मोठ्या तळावर आणावयाचे आणि तेथून दुसऱ्या विमानांनी पुढे पाठवावयाचे. डेल्टा कंपनीने अटलांटा येथे ही रचना आधीच केली होती. आता अमेरिकन कंपनीने डॅलस-फोर्ट वर्थ येथे व नॉर्थवेस्टने डेट्रॉइट येथे तिचा विस्तार केला. दुसरी गोष्ट, भाड्याचे बाजारानुसार विभाजन. गणकयंत्राच्या साहाय्याने प्रत्येक शहरजोडीची मागणी व स्पर्धा पाहून एकाच विमानातील जागा निरनिराळ्या दरांनी विकता येऊ लागल्या.

एक कल्पित उदाहरण घेतल्यास पुढचा प्रकार ध्यानात येईल. 'ख' हा एका कंपनीचा मध्यवर्ती तळ आहे. 'क' पासून 'ख' पर्यंत जाणारी विमाने बहुतांशी तिचीच आहेत, म्हणून तेथील भाडे ४०० डॉलर आहे. 'क' पासून 'ग' पर्यंत मात्र चार कंपन्या निरनिराळ्या तळांवरून प्रवासी नेतात, म्हणून ही कंपनी 'ख' मार्गे 'ग' पर्यंत २५० डॉलरच घेते. 'ख' येथे राहणाऱ्याने 'ग' चे तिकीट काढून 'ख' येथे उतरल्यास त्याचे १५० डॉलर वाचतात. ट्रॉय आणि माँटगोमेरी यांची ही पुनरावृत्ती होय. भेद एवढाच की, येथे चौथे कलम नाही. शिवाय विमानाचे तिकीट नाव घालून दिलेले व अहस्तांतरणीय असल्यामुळे उरलेला तुकडा विकता येत नाही. तो टाकूनच द्यावा लागतो.

पहिला टप्पा सोडण्याची कारणेही अशीच घडली. भाडे अंतराऐवजी बाजारावर ठरू लागल्यावर प्रवास ज्या देशातून सुरू होतो तेथील चलन व मागणी यांप्रमाणे त्याच मार्गाचे भाडे बदलू लागले. तेव्हा स्वस्त देशातून आरंभ होणारे तिकीट घ्यावयाचे व आरंभीचे कूपन न वापरता मधूनच चढावयाचे, ही युक्ती निघाली. कंपन्यांनी यास उत्तर म्हणून आपल्या अटींत असे कलम घातले की, कूपने छापलेल्या क्रमानेच वापरली पाहिजेत. एरवी उरलेले तिकीट निरर्थक ठरेल. 'अविभक्त' करार 'अविभाज्य' ठरविण्याचा प्रयत्न तो हाच. तो आंतरराष्ट्रीय करारातून आलेला नसून कंपन्यांच्या अटींतून आलेला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

५

अटी छापणे एक व त्या अमलात आणणे दुसरे. कागदी पुस्तिका प्रवाशाच्या खिशात असे तोवर न वापरलेले कूपन फाडून टाकले असता पुढच्या विमानतळावरील कर्मचाऱ्यास ते सहजी कळत नसे. ही स्थिती ई-तिकिटाने संपविली. १ जून २००८ पासून आयाटाच्या व्यवस्थेत कागदी तिकिटे देणे बंद झाले. कूपन नाहीसे झाले नाही. ते कंपनीच्या गणकयंत्रातील नोंद बनले. प्रत्येक टप्प्याची स्थिती, वापरलेला की न वापरलेला, ही आता कंपनीच्या स्वाधीन झाली. एक टप्पा चुकला की पुढील सर्व टप्पे आपोआप रद्द होऊ लागले. यामुळेच आज केवळ शेवटचाच टप्पा सोडता येतो, परतीच्या तिकिटात तो जाताना सोडल्यास परतीही जाते, आणि नोंदणी केलेले सामान प्रवाशाला न विचारता छापील गंतव्यास निघून जाते. प्रवाशाच्या हातातील तुकडा कंपनीच्या दप्तरात गेला, ही या इतिहासातील कायद्याहूनही निर्णायक घटना म्हणावी लागेल.

सामानाच्या संदर्भात एका दुःखद घटनेचा निर्देश अवश्य केला पाहिजे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान अटलांटिक महासागरावर स्फोटाने नष्ट झाले व त्यातील सर्व ३२९ जण मृत्यू पावले. स्फोटक असलेली बॅग व्हँकुव्हर येथे दुसऱ्या कंपनीच्या विमानात पुढील प्रवासासाठी दिलेली होती. ती देणारा प्रवासी मात्र विमानात चढलाच नाही. यानंतर प्रवासी व त्याचे सामान यांची जुळणी करण्याचे नियम आंतरराष्ट्रीय पातळीवर कडक झाले. प्रवाशाची रिकामी जागा हा केवळ भाड्याचा प्रश्न नसतो, हे या घटनेने शिकविले. तथापि भाडे वाचविण्यासाठी उतरणारा प्रवासी बहुधा हातातील पिशवीवरच प्रवास करतो; म्हणून सुरक्षिततेचा प्रश्न व भाड्याचा प्रश्न यांची गल्लत न करणे श्रेयस्कर.

६

न्यायालयांचे निर्णय पाहिले असता त्यांतही या दोन शब्दांतील भेदाचीच छाया दिसते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २९ एप्रिल २०१० रोजी दोन प्रकरणांत, एक ब्रिटिश एअरवेज व दुसरे लुफ्तान्झा या कंपन्यांच्या अटींविषयी, निर्णय दिला. आपल्या दररचनेचे रक्षण करण्यात कंपनीचे हित आहे हे न्यायालयाने मान्य केले. परंतु एक टप्पा सोडल्याबद्दल उरलेले सर्व तिकीट रद्द करणे हे प्रवाशावर अवाजवी ओझे असल्याचे ठरविले. प्रत्यक्ष केलेल्या प्रवासाचे भाडे अधिक असेल तर तो फरक मागण्याची अट पुरेशी होती, असा त्याचा आशय होता. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०१८ मध्ये, जाण्याचा टप्पा न वापरल्यास परतीचा टप्पा रद्द करणारी इबेरिया कंपनीची अट ग्राहकांस अन्यायकारक ठरविली.

फरक मागण्याचा हक्कही सहज सिद्ध होत नाही. ओस्लोहून फ्रँकफर्टमार्गे सिॲटलला जाऊन परतणाऱ्या एका प्रवाशाने २०१६ साली परतीचा फ्रँकफर्ट-ओस्लो हा टप्पा सोडला व वेगळ्या तिकिटाने तो बर्लिनला गेला. लुफ्तान्झाने त्याच्याकडे २,११२ युरोंची मागणी केली. डिसेंबर २०१८ मध्ये बर्लिनच्या कनिष्ठ न्यायालयाने ती फेटाळली.

अमेरिकेत वाद निराळ्या वाटेने गेला. अशी तिकिटे शोधून देणाऱ्या 'स्किपलॅग्ड' या व्यवसायावर २०१४ साली युनायटेड कंपनीने फिर्याद केली. ती २०१५ साली अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकालात निघाली. २०२३ साली अमेरिकन कंपनीने टेक्ससमध्ये दावा लावला व ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने ९४ लाख डॉलर ठरविले. मात्र त्यातील निम्मी रक्कम कंपनीच्या बोधचिन्हाच्या स्वामित्वहक्काच्या भंगाबद्दल होती. खुद्द टप्पा सोडणाऱ्या प्रवाशाचा दोष किती, या प्रश्नास त्यातून उत्तर मिळाले नाही.

७

या वादात कंपनी व प्रवासी हे दोनच पक्ष आहेत अशी समजूत आढळते. ती अपुरी आहे. वरील उदाहरणातील 'ग' शहराचा रहिवासी हा तिसरा पक्ष होय. त्यास २५० डॉलरांत प्रवास करता येतो, तो स्पर्धेमुळे. 'ख' येथे उतरणाऱ्यांस सरसकट मोकळीक दिली, तर कंपनी 'ग' चे भाडे वाढवील किंवा तेथील विमाने कमी करील. अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने जुलै २००१ मधील आपल्या अहवालात हीच भीती व्यक्त केली होती. परंतु चौथा पक्षही आहे. तो 'ख' येथील सामान्य प्रवासी. कोणतीही युक्ती त्यास ठाऊक नसते आणि जवळच्या अंतरासाठी तो ४०० डॉलर निमूटपणे भरतो. युक्ती करणाऱ्याची बचत 'ग' च्या रहिवाशावर पडू शकते हे खरे. पण 'ग' ची स्वस्ताई काही अंशी 'ख' च्या रहिवाशावर पडलेली आहे हेही तितकेच खरे. १८८७ च्या कायद्यापुढे हाच चौथा पक्ष उभा होता. विमानाच्या वादात तो क्वचितच कोणास दिसतो.

तात्पर्य, तिकीट हा एक अविभक्त करार आहे, हे कंपन्यांचे म्हणणे स्वीकारण्यास हरकत नाही. परंतु जे अविभक्त असते त्याची वाटणी होऊ शकते. आणि वाटणी झाली म्हणजे हिशेब करावा लागतो, घर पाडावे लागत नाही. जर्मन न्यायालयाने जो मार्ग दाखविला तो असा हिशेबाचा आहे : टप्पा सोडता यावा, आणि भाड्याचा फरक द्यावयाचा असल्यास तो तिकीट घेतानाच प्रवाशास कळलेला असावा. भाडे अंतरापासून सुटले तेव्हाच हा प्रश्न जन्मास आला. भाडे पुन्हा अंतराशी बांधले जाण्याची चिन्हे नाहीत, म्हणून हा प्रश्नही लवकर मिटणारा नाही. मात्र वाटेत उतरणाऱ्या माणसाचा विचार करताना, त्यास दूरचे तिकीट स्वस्त आणि जवळचे महाग कोणी व का विकले, हे आधी पाहणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक सयुक्तिक ठरेल.